पुढच्या चाकाखाली

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. माझा फोन हल्ली यांच्या खिशात असतो, म्हणून हा जुना मार्ग. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लिहितेय. पलीकडच्या खोलीत तुझी भाची सायकल मारतेय आणि हे तिच्यासमोर स्टूल टाकून बसलेत. तुझी खारूताई आता उंचीला माझ्या कानाला लागते ग, पण मागच्या वर्षी शिवलेला ड्रेस तिच्या अंगावर नुसता लोंबतो.

घरात सायकल कसली मारते, म्हणशील. ट्रेनर म्हणजे एक लोखंडी घोडी असते. सायकलचं मागचं चाक तिच्यात अडकवायचं, मग कितीही पॅडल मारा, सायकल जागची हलत नाही. रस्त्यावर ट्रक फार, म्हणून शर्यतीच्या सरावाला यांनी ती आणली. मलाही बरंच वाटलं, पोर नजरेसमोर राहील. पण मागचं चाक घोडीवर उचललं गेलं की पुढची बाजू उतरती होते. सगळा भार तळहातांवर येऊन पोरीची बोटं बधिर व्हायची, पेन धरता येईना. तेव्हा यांनीच बसडेपोच्या वर्कशॉपमधून लाकडाचा तुकडा आणला, चाक बसेल अशी खाच पाडली, कडा टोचू नयेत म्हणून पॉलिशपेपरने घासल्या. तो ठोकळा पुढच्या चाकाखाली ठेवला आणि सायकल सरळ झाली. "आता बस राणीसारखी," म्हणाले. बापलेक किती हसले त्या दिवशी! यांचा लेकीवर जीव नाही असं कुणी म्हटलं, तर मी आजही भांडायला उठेन. अवघड आहे ते तेच.

मग शर्यत आली. शेवटच्या घाटात एका मुलीने हिला गाठलं आणि ही दुसरी आली. पोरगी पदक गळ्यात घालून नाचत होती. घरी आल्यावर यांनी, कपडेही न बदलता, पहिल्या ठोकळ्याखाली दुसरा सरकवला. "चढाला कमी पडते ती," एवढंच. मग तिसरा आला. सायकलचं नाक छताकडे, आणि आमची पोर त्यावर ओणवी. "घाम गेला पाहिजे" म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. कामावर यांनी बिनपगारी रजा टाकली, आणि शाळेला कळवलं की मुलगी आजारी आहे. तेव्हा ती आजारी नव्हती.

एकदा ती ठोकळ्यांची चळत सरकली. सायकल कलंडली, पोर कपाटावर आपटली. ते खास बूट पॅडलमध्ये अडकतात, तिला पाय सोडवता येईना. मी धावत आले तर हे खाली वाकून ठोकळा तडकलाय का ते बघत होते. दुसऱ्या दिवशी तिन्ही ठोकळे स्क्रूने एकमेकांना जोडले आणि चाक वर पट्ट्याने आवळून टाकलं. म्हणाले, "आता पडायची भीती नाही."

गेल्या आठवड्यात ती जिन्यात चक्कर येऊन पडली. मी हट्टच धरला, तेव्हा कुठे दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. म्हणाल्या, "ठोके चुकताहेत. मोठ्या दवाखान्यात तपासण्या करून घ्या. तोवर सायकल बंद, जिनासुद्धा जपून." हे मान डोलवत राहिले. रिक्षात बसल्यावर मला विचारलं, "ही बाई कधी सायकलवर बसलीय का?" संध्याकाळी पोर पुन्हा त्या चढावर. मी म्हटलं, "अहो, जिवाला काही झालं तर?" ओरडले नाहीत ग. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी मायेने म्हणाले, "पुढची शर्यत होऊ दे, मग झोपू दे तिला हवं तेवढं." ते ऐकून मी रडले नाही. आत आले आणि स्वच्छ ओटा पुन्हा पुसत बसले.

जेवण झालं की हे बाहेरच्या खोलीत आडवे होतात. पुढच्या दाराला कुलूप, किल्ली उशाखाली; मागच्या दाराला नुसती कडी. आतून ट्रेनरची घरघर येत असते तोवर घोरतात, ती थांबली की डोळे टक्क उघडे. काल हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी त्या सायकलवर बसून पाहिलं. मागे घसरून पडू असंच वाटत राहतं. पोरीने मला हळूच शिकवलं, "आई, श्वास लागला तरी पाय थांबवू नकोस. आवाज बदलतो."

हे पत्र टपालाने येणार नाही, ताई. तुझ्या भाचीच्या दप्तरात घालतेय. आज जेवणं झाली की मी तिच्या जागी बसेन आणि ती मागच्या दाराने बसस्टँड गाठेल. पळायचं नाही, सावकाश चालायचं, असं बजावलंय. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, पण ती बसमध्ये बसेपर्यंत पुरवीन कसे तरी. ती पोचली की पाणी दे आणि तशीच मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, माझी वाट बघू नकोस. तो आधी तुझ्याकडेच येईल. रडेल, तुझ्या पाया पडेल, आणि ते रडणं खोटं नसेल. तरी दार उघडू नकोस.

तुझीच,
धाकटी