चारी बाजूंची माती

मंगळवार, संध्याकाळ

नव्या घराचा नकाशा नगरपालिकेतून परत आला. इंजिनिअर म्हणाला, प्लॉटभर बांधता येत नाही. चारी बाजूंनी जागा सोडा, तिथली माती उघडी ठेवा.

"जागा माझी हाय, मग माती कावून ठिवायची?"

तो हसला. "मामा, तुमच्या गल्लीत मंजुरी मिळाली की सगळे फरशी घालतात, पावसाचं पाणी मुरतच नाही. उन्हाळ्यात बोअर कुणाचं चालतं?"

एकट्या शेजारच्या गुरुजींचं. अंगणात माती त्यांच्याचकडे! आम्ही त्यांना 'चिखलवाले' म्हणतो आणि पाणी त्यांच्याचकडून भरतो. इतकी वर्षं हे मला कसं दिसलं नाही?

बायको म्हणाली, "चिखल कोण झाडणार, इंजिनिअर?"

तेही खरंच. तरी अंगणभर फरशी सांगून ठेवली होती त्या फरशीवाल्याला फोन केला. दारापुरतीच टाक म्हणालो.