बिल्ला नुसता मोजतो

माय, तो बिल्ला वाचवत नसतो. नुसता मोजतो. एक्सरेच्या किरणांचा तो बिल्ला पंचवीस वर्षं मी छातीवर लावून फिरले, माझ्या आधी तू लावून फिरलीस, आन् दोघींपैकी एकीला पण कुणाला विचारावं वाटलं न्हाई की ह्याचं काम तरी काय. तुला तर सगळं कळत होतं. हाडाच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत तू म्हणशील तो कायदा. कापसाचे बोळे कसे मोजायचे, भूल उतरताना पेशंटला कुठं धरायचं, रक्ताचं कापड आधी गार पाण्यात का टाकायचं, सगळं तू शिकवलंस आन् शिकवताना टपल्या पण मारल्यास. मग एवढी एकच गोष्ट उलटी कशी शिकवलीस? आन् ती मला ह्या वयात, चार माणसांपुढं, परक्या माणसाच्या तोंडून कळावी? लय राग आलाय मला. राग करायला पण आता अंगात दम न्हाई, म्हणून बसून लिहायलेय. चौथीचं अक्षर हाय, तसंच वाच.

बुधवारी एक्सरेचं मशीन तपासायला माणूस आला होता. तुझ्या वेळचं मशीन गेलं, पण हे पण तसंच हाय, विळ्यासारखं वाकलेलं. खुब्याचं हाड मोडलेला पेशंट टेबलावर घ्यायचा, डॉक्टर आत सळई बसवतात, आन् सळई नीट जायलीय का हे बघायला घडीघडी पायानं बटन दाबून फोटो काढायचा. फोटो टीव्हीवर दिसतो. तेच ते. तर तो माणूस मशीन बघता बघता माझ्या पोरीकडं बघायला लागला. तू गेलीस तवा चार वर्षांची होती ती. आता बावीसची हाय, लगीन झालंय, आन् दिवाळीपासून माझ्याच हाताखाली आपलंच काम करायलीय. तो म्हणाला, "हा बिल्ला कुणाच्या नावाचा?" मी म्हणाले, "माझ्या." "मग हिच्या छातीवर कसा?" मी म्हणाले, "तिला जास्त गरज हाय सध्या." तो हातातलं खाली ठेवून मलाच विचारायलाय, "मावशी, शेतकी विद्यापीठात पाऊस मोजायचं नळकांडं असतंय, बघितलंय का कधी?" म्हणाले, बघितलंय. "मग त्याला धरून पावसात उभं राह्यलं, तर माणूस कोरडं राहतंय का?"

सगळे हसले. भूल देणारे डॉक्टर सुद्धा हसले. मी पण हसले, दुसरं काय करणार.

नंतर त्यानं किरणं अडवायचे शिशाचे कोट एकेक करून मशीनखाली धरले. तीन चांगले निघाले. ते तीन डॉक्टर लोकांचे. चौथा, आपला, टीव्हीवर आला तर भेगाच भेगा, उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या. तो म्हणाला, "ह्याची घडी कोण घालतंय? हा टांगून ठेवायचा असतो, घडी घातली की आतलं शिसं फुटतंय." तुला आठवतंय का, मी एकदा कोट खिळ्याला टांगला होता तर तू काय बोललीस? "चिंधी हाय का ती, अशी लोंबवायला? घरात लुगडी पण अशीच टाकतीस का?" मग तो जड कोट तू टेबलावर पसरून, हातानं सुरकुत्या काढून, लुगड्यासारखी चौघडी घातलीस. मी पण तशीच घालत आले. दोघींनी मिळून, लय टापटिपीनं, आपलाच कोट फोडला.

त्या माणसाला मी बाहेर व्हरांड्यात गाठलं. तोच हळू आवाजात म्हणाला, "पोटुशी हाय का ती?" मी मान हलवली. म्हणाला, "मग आधी डॉक्टरला सांगा. किरणं पेशंटच्या अंगावर आपटून चहूकडं उडतात. दोन पावलं मागं सरकलं तरी फरक पडतो, पण पोटुशी बाईला चांगल्या कोटाशिवाय आत घ्यायचंच न्हाई." मग मी त्याला विचारलं. पंचवीस वर्षांत कुणाला विचारलं न्हाई ते विचारलं, की एखादीचं पाचव्या महिन्यात पडलं, तर ते ह्याच्यानं असंल का. तो म्हणाला, "तसं छातीठोक कुणीच सांगणार न्हाई, मावशी. दुसरी पण कारणं असतात." चांगला माणूस होता. पण असल्या उत्तराचं काय करू मी?

मानवतचा तो म्हातारा हमाल आठवतो का तुला? मोंढ्यात धान्याची पोती उचलताना पाय घसरून पडला होता, खुबा मोडला होता. टेबलावर घेईस्तोर डॉक्टरला शिव्या घालत होता, "पायच काडून टाक की तिच्यायला, एवढं टीव्ही बघत बसण्यापरीस." मला पाचवा लागलेला. लुगड्यात दिसत न्हाई अजून. आत जायच्या आधी हात धुवायच्या नळापाशी तू तुझ्या पदराखालचा बिल्ला काढतीस आन् माझ्या झंपराला लावतीस, छातीवर न्हाई, खाली, पोटापाशी. चिमटा नीट बसत न्हाई तर दातानं दाबून बसवतीस. म्हणतीस, "हा असला की काय होत न्हाई." मला अजून दवाखान्यानं दिला नव्हता, आन् तुझ्यापाशी दुसरा नव्हता. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, पाय आतल्या बाजूला वळवून धरा. मी मागं सरले तर तू डोळे मोठे केलेस. "बिल्ला हाय ना? मग भ्यायलीस कशाला? धर पाय." मी धरला. लय वेळ धरला, सळई काही केल्या बसत नव्हती. आन् तू बिनबिल्ल्याची म्हणून घाबरून डॉक्टरच्या पाठीमागं जाऊन उभी राह्यलीस, त्यांच्या शिशाच्या कोटाआड; आपल्याला तवा कोट मिळाला नव्हता. चांगली जागा तुझी होती, माय. तुला ठाऊक नव्हतं आन् मला पण नव्हतं. आठव्या दिवशी माझं पोट रिकामं झालं. तू माझे पाय चोळत बसलीस आन् सारखी म्हणत होतीस, "बिल्ला तर लावला होता की मी."

मला सगळ्यात जास्त बोचतंय ते हे. आपल्या घरात गंडा न्हाई, ताईत न्हाई. आज्यानं धम्म घेतला तवा उंबऱ्यावरची बिब्ब्याची माळ सुद्धा काढून फेकली, हे तूच सांगायचीस. माझ्या लग्नात सासूनं दंडाला काळा दोरा बांधला, तर तू चार बायांत तो कात्रीनं कापलास. "माझी लेक असल्या दोऱ्यावर जगणार न्हाई" म्हणालीस. किती मोठी वाटली होतीस तू मला त्या दिवशी. आन् तूच एका प्लास्टिकच्या तुकड्याचा ताईत केलास. इंग्रजी अक्षरं होती म्हणून का? दवाखान्यानं दिला म्हणून का? पण तुला तरी किती बोलू. मी बी तेच केलं. दिवाळीनंतर पोरीनं कानात सांगितलं तवा मी काही एक न विचारता माझा बिल्ला काढून तिला लावला.

बुधवारी घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. म्हणाले, उद्या डॉक्टरला सांगून टाकते. तिनं काय म्हणावं? "मम्मे, खबरदार. आठ बाया वाट बघायल्यात ह्या जागेची. एकदा घरी बसवलं की परत कोण घेतंय मला?" म्हणाले, अगं पण लेकराचं काय. तर कमरेवर हात ठेवून उभी राह्यली माझ्यापुढं. "माझ्या वेळी तू बी उभी राह्यलीस की. मी झालेच की. बघ, काय कमी हाय माझ्यात?" तिच्या आधी एक होतं, हे मी तिला कधी सांगितलेलं न्हाई. तीन दिवस झाले, ती माझ्याशी धड बोलत न्हाई. ताट पुढ्यात आपटती. मी बी आपटते.

आता एक गोष्ट लिहिते, जी मी कुणाला सांगितली न्हाई आन् तुझ्यापुढं पण परत कधी काढली न्हाई. बिल्ला तू लावलास, पाय धर तू म्हणालीस, ते सगळं खरं हाय. पण त्या दिवशी सकाळी चुलीपुढं भाकर थापता थापता तू थांबलीस आन् म्हणालीस, "बाई, तू नको येऊस आता. मी डॉक्टरला सांगते, बाळंत होईस्तोर दुसरी बघा म्हणून." मला तवा लय मान होता त्या कामाचा. मी म्हणाले, "सांगून तर बघ. परत तुझं तोंड बघणार न्हाई मी." तू माझ्याकडं बघितलंस, आन् परत भाकर थापायला लागलीस. पंचवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मायनं मला उभं केलं. तू नव्हतं केलं. तू नुसती भ्यालीस मला.

हा कागद टाकायला पेटी न्हाई, तुला पत्ता न्हाई, ते कळतंय मला. तरी उत्तर पाहिजे. सोमवारी सकाळी आठला सेलूच्या एका म्हातारीचा खुबा हाय, आन् माझ्या पोरीला आत घेणार हायेत. म्हणून एवढंच सांग: मी तुझं तोंड बघितलं नसतं तरी तू डॉक्टरला सांगायला पाहिजे होतंस का? हो का न्हाई, एक काय ते सांग. सोमवारी आठच्या आत.