बांधापलीकडचं नाव

मखमलाबाद, नाशिक
१६ नोव्हेंबर २००८

चि. साधनास,

तुझ्या आजीचा, म्हणजे धोंडाबाईचा, पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझ्या काकाचा गुडघा कुरकुरतो, गाय बिचारी न कुरकुरता दूध देते. थंडी पडली. तिकडे तू जेवतेस की नुसती पुस्तकं चघळतेस, ते कळव.

अक्षर तुझ्या चुलतबहिणीचं आहे. मी बोलते, तेजल लिहिते. मी 'लय' म्हटलं की ती 'फार' लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला आजी शिकलेली वाटावी. फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर मला खोटं बोलायची सवय आहे. 'आजी, तब्येत कशी?' 'झकास!' पत्रात समोर तेजल बसलेली असते, लबाडी केली की लेखणी थांबवून बघते.

तर, तुमच्या विद्यापीठाचा ब्लॉग. तेजल रविवार कारंजावरच्या सायबर कॅफेतून त्याचे कागद छापून आणते आणि मला मराठीत सांगते. ब्लॉग म्हणजे काय, ते मी माझ्यापुरतं ठरवलं: ग्रामपंचायतीच्या दारातला काळा फळा. आपल्या फळ्यावर पाणीपट्टीची तारीख असते, तुमच्या फळ्यावर अख्खं जग.

काय एकेक माणसं गं तुमच्याकडे! एक पोरगा गाड्यांच्या गोंगाटात पाखरं आवाज चढवतात का ते मोजतो. त्याला म्हणावं, नाशिकच्या भाजीबाजारात ये, माणसं पण मोज. एक बाई जुन्या कपड्यांची ठिगळं बघून सांगते, टाका डावखुऱ्या हाताचा की उजव्या. तिला मी माझी गोधडी दाखवली असती. एकजण गोगलगाईच्या चिकट पाण्यापासून जखमेला लावायचा डिंक करायला बसलाय. आणि तो गणितवाला! शेजारची रांग आपल्यापेक्षा लवकर का सरकते, यावर चार पानं. रेशनच्या दुकानात हे मला कधीच कळलं होतं, पण मी नुसत्या शिव्या दिल्या. त्याने हिशेब मांडला. शिकलेल्या आणि न शिकलेल्यात फरक तो एवढाच.

हसू नकोस, मनापासून सांगते. रोज दुपारी भाजीच्या जुड्या बांधताना मी तेजलला विचारते, आज फळ्यावर काय?

तेजल म्हणते, "आजी, सगळ्यांचं झालं. ताईच्या लेखाबद्दल अवाक्षर नाही?"

लिही गं, येते तिथंच.

तुझा लेख वाचला. माझा फोटो चांगला आलाय, पदर नीट आहे. थंडीत कारल्याचं बी रुजत नाही, म्हणून ओल्या फडक्याची पुरचुंडी बांधून ती शेणखताच्या उबेत पुरायची, ही 'माझ्या आजीची युक्ती' असं तू लिहिलंस. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी शाबासकी दिली. आता पुढच्या महिन्यात ते पुस्तकात छापून येणार, माझ्या नावासकट.

साधना, त्याच फळ्यावर एका माणसाने लिहिलंय की त्याचा दोन वर्षांचा प्रयोग चुकला. स्वतःच्या हाताने, सगळ्या जगासमोर! मी तेजलला ते तीनदा वाचायला लावलं. आणि प्रत्येकजण शेवटी लिहितो, हे मला अमक्याने शिकवलं, तमक्याने मदत केली. गोगलगाई वेचून देणाऱ्या माळ्याचं सुद्धा नाव आहे.

तू टेप लावून मला विचारलं होतंस, "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, कुणी नाही, माझ्याच डोक्यातलं.

खोटं होतं ते.

पुरचुंडी माझ्या थोरल्या जावेची, चांगुणाची. तुम्ही पोरं जिला बांधापलीकडची आजी म्हणता, तीच. मी नवी नवरी असताना तिने शिकवलं. पुढे भाजीच्या प्रदर्शनात माझ्या कारल्याला पहिला नंबर आला, साडी-नारळ मिळाला. साहेबाने विचारलं, युक्ती कुणाची? मी म्हटलं, माझी. चांगुणा समोर, बायकांत बसली होती. ती भांडली नाही. घरी आली आणि बोलायची थांबली. बावीस वर्षं झाली. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी तिच्यापुढे कधी हरले नव्हते.

छापायच्या आधी नाव बदल.

१८ नोव्हेंबर

पत्र परवाच टाकायचं होतं. तेजल म्हणाली, "आजी, ज्यांचं नाव घालायचं त्यांना विचारलंस का?" कार्टी शहाणी आहे. काल हात धरून मला बांध ओलांडून घेऊन गेली.

चांगुणा मेथी निवडत होती. मान वर केली नाही. तेजलने हे पत्र पहिल्यापासून वाचलं. मी खुंटासारखी उभी. वाचून झालं. मग म्हणाली, "पोरी, ते रांगेचं परत वाच."

परत वाचलं. हसली. आणि मग माझ्याकडे न बघताच, "ताक कुठं हाय?"

मला वाटलं, तहान लागली.

"बी आधी रातभर ताकात ठेवायचं, मग फडक्यात. हिला अर्धंच ठावं. तुझं बी कुजतं ना गं, धोंडे?"

साधना, तूच लिहिलंयस, 'निम्मं बी कुजतं, कारण अजून कळलेलं नाही.' कारण बांधापलीकडे मेथी निवडत बसलं होतं. बावीस वर्षं मी अर्धीच चोरी मिरवली!

मी म्हटलं, "चुकलं, बाई." ती म्हणाली, "बस. मेथी निवड." निवडली. तेजल म्हणते, एवढ्या वेळात मी चक्क गप्प होते, हे पण पत्रात यायला हवं. आलं.

उठताना चांगुणाने एक सांगितलंय, ते नीट लिहून घे: "माझ्या नावाखाली माझ्या आईचं घाल. नवसाबाई, हरसूलची. मला तिनं शिकवलं." फळ्यावर तेवढी जागा असेल ना गं?

खाली वाकडी सही आहे ती चांगुणाची. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा ती पाटी घेऊन जायची आणि मी बांधावरून हसायचे. सहीच्या खालचा निळा अंगठा माझा. वर लावू का, म्हणून तेजलने विचारलं. म्हटलं, नको, खालीच बरा.

तुझी, अर्धंच शिकलेली,
आजी