ऋषिपंचमीचा उपास आणि जाऊबाईंची अडचण

श्री

सेक्टर ५, भिलाई
२८ सप्टेंबर १९८८

चि. सौ. विजयास, कमलिनीचे आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही दोघं वर्ध्याला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. यंदा ऐन महालक्ष्म्यांच्या दिवशी मले अवेळी अडचण आली, मी मागच्या खोलीत बसले आणि शालू नेसवायचा मान तुले गेला. थोरली सून मी, अन् सेक्टरच्या बाया तुझ्याच हाताचं कौतुक करून राहिल्या. आंबीलसुद्धा तुझीच चांगली! दाराआडून सगळं ऐकलं. खोटं कशाला लिहू, पोटात आग पडली.

अडचण महिन्यातून दोनदा येते म्हणून यंदा ऋषिपंचमी निर्जळी केली. तरी थांबली नाही. निघताना तू म्हणालीस, डॉक्टरला दाखवा, माझंही असंच सुरू झालं होतं. मले ते फार लागलं. तुले पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, कारण तू पाळणा लांबवायला तांबी बसवली, शाळेच्या नोकरीपायी बसनं फिरलीस, बाहेरचं खाल्लंस. मी एका नवऱ्याची, सोळा सोमवार केलेली बाई. मले कावून होईल? तुझ्या गिलासात पाणी पिऊ नको म्हणून आमच्या साधनाला मीच सांगितलं होतं. पोरीची काळजी वाटते.

आणि मारोतराव भाऊजी ऑपरेशननंतर तुझी वेणी घालून देतात म्हणे! आमच्याकडे चहा गार झाला तरी बोलणं खावं लागतं. असो. राग धरलास तरी पत्र टाक.

तुझी थोरली जाऊ,
कमलिनी

वर्धा
६ ऑक्टोबर १९८८

ती. जाऊबाईंना विजयाचा शि. सा. न.

गिलासाचं मला तिथेच कळलं होतं. आधी रडले, मग हसू आलं, कारण इथल्या शेजारणीनंही तेच केलं.

तुमची सगळी कारणं मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, हा रोग तांबीनं होत नाही, बसनं नाही आणि भज्यांनी तर नाहीच. शिवल्यानं, उष्ट्यानं कोणाला लागत नाही. पाप-पुण्याशी त्याचा संबंध नाही. डॉक्टर लोकांचा संशय आता एका विषाणूवर आहे. तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, दोघांनाही पत्ता नसतो, आणि एकाच नवऱ्याच्या बाईलाही येतो. माझ्या शेजारच्या खाटेवर गयाबाई होती, एकादशी-चतुर्थी न चुकवणारी. तिनं दुखणं अंगावर काढलं. ती गेली, जाऊबाई. माझं वेळेत कळलं, एवढाच फरक.

ऋषींना पिशवीतलं काय कळणार? तुमच्या स्टील प्लांटच्या हॉस्पिटलात लाकडाच्या काडीनं जरासं पुसून घेतात आणि काचेवर तपासतात. सुईसुद्धा नाही. दिवाळीआधी जा.

आणि जळायचंच तर मीही जळते. तुमच्या पुरणाला ह्यांनी नावाजलं तितकं माझ्या कशालाच नाही. वेणी तर अशी वाकडी घालतात की शाळेतल्या पोरी हसतात. तुमच्यावाचून मी भांडू कोणाशी?

आशीर्वादाची वाट पाहणारी,
विजया

सेक्टर ५, भिलाई
२ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. विजयास, अनेक आशीर्वाद.

गेले बाई एकदाची. ह्यांना भीत भीत सांगितलं, तर पेपर खाली ठेवला अन् सायकल काढली. डॉक्टरीणबाईंनी अगदी तुझंच बोलणं पुन्हा सांगितलं. हेही तुले आधी ठाऊक, म्हणून तिथेही रागच आला.

काचेवर रोग निघाला, मग तुकडा काढून तपासला तरी तेच. सुरुवात आहे, पिशवी काढली की बरं होईल, अशी आशा त्यांनी दिली. घरी आल्यावर हे म्हणून राहिले, विजयासारखा धीर धर. पाहा! दुखण्यातही पहिला मान तुलेच.

शेजारच्या मैनाबाईनं खीर आणली, पण भांडं परत नेईना, असू द्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी मीच ते घासून तिच्या दारात नेलं अन् आत बसून सगळं समजावलं. मंगळवारी मीच तिलेही तपासणीला नेऊन राहिले.

ऑपरेशन दिवाळी झाल्यावर. हॉस्पिटलच्या बाईनं विचारलं, तेव्हा जवळ बाईमाणूस कोण राहील. मले माहेरच्या तीन बहिणी आहेत. मी तुझं नाव सांगितलं. शाळेत रजेचा अर्ज टाक.

जळणारी, पण तुझीच,
कमलिनी