आमच्या घराचा ठिपका

३ डिसेंबर, बुधवार

पुन्हा लाइट गेली! आन् आचलचं ते पान पुन्हा बंद. पोरगी रडकुंडीले आली.

सातवा महिना लागला तिले. पह्यलं बाळंतपण माहेरी, म्हणून नागपुरातून इथं सिंदीले आणली. मी तर आनंदानं अशी फुगली हावो का मोहिनी, माही सून, म्हणते — आत्याबाई, पोट आचलचं वाढून राह्यलं का तुमचं! पणजी होणार मी. माह्या सासूले पणजी होता नाई आलं, मी होईन.

आता नोकरीचं लिहितो. पोरगी घरात बसूनच नोकरी करते. गावोगावच्या लहान दवाखान्याइचं इंटरनेट तिच्या कंपनीच्या नजरेत असते. कॉम्प्युटरवर नकाशा, नकाशावर ठिपके. हिरवा म्हणजे बरं चाललं. लाल म्हणजे तार तुटली, नाई तर लाइट गेली. लाल झालं का आचल फोन लावते. एवढंच काम, पण डोळा हालवता येत नाई. दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राह्यतो ना आपण, तसं — फक्त दिवसभर!

ते पान आधी नागपूरच्या हापिसातच उघडे. भूपेंद्र सर म्हणजे तिचे साहेब, ते म्हणाले, घरून उघडता येईल असं कर, पण दार लहान ठेव. मंग तिनं यंत्राले सांगून ठेवलं का आमच्या घराच्या नंबरावरून कोणी आलं तर आत घे, बाकीच्याइले बाहेरच ठेव. झालं! लाइट गेली, आली, का आपला नंबरच बदलते!

मी म्हटलं, "अव पण घर तर तिथंच हाये. नंबर काऊन बदलते?"

"आजी, इंटरनेटवाले दर वेळी दारावर नवी पाटी ठोकतात. मंग यंत्र मले वळखत नाई."

माहेरची पोरगी दारात उभी, आन् घरचेच म्हणतात तू कोण! असं झालं हे.

४ डिसेंबर, मार्गशीर्षातला गुरुवार

घट मांडला. कहाणी वाचली. मले मोठ्यानं म्हटल्याशिवाय वाचता येत नाई आन् लिहिताही येत नाई. दुसरीत गुरुजीनं तसंच शिकवलं, मंग शाळाच सुटली. आताही लिहून राह्यली तर ओठ चालूच हायेत. मोहिनी सैपाकघरातून हासून राह्यली.

आचलनं आज मार्ग काढला. चार दिवसापुरतं दार सगळ्याइले उघडं केलं. कोणत्याही नंबरावरून या, फक्त नाव आन् पासवर्ड खरा पाह्यजे. "हे बरोबर नाई आजी, पण दर लाइटले मी किती उठू?" बरोबरच हाये. पाय सुजले तिचे.

आन् मजा म्हणजे — माहंही नाव घातलं तिथं! ती जराशी आडवी झाली तर मी पाहाचं, लाल दिसलं का हाक माराची. मले फक्त पाहता येते, हात लावता येत नाई. इंग्रजी येत नाई म्हणून पासवर्ड आकड्याइचाच ठेवला. नाव तीन अक्षराइचं, ते पाठ केलं.

आमच्या घराचाही ठिपका केला तिनं. इकडची लाइट गेली तर सरले समजावं म्हणून. आमचं घर, हिरवंगार!

मले राहवलं नाई. फोन साखरेच्या डब्याले टेकवला, व्हिडिओ लावला, आन् कॉम्प्युटर उघडून दाखवला. पाहा म्हटलं, शोभाबाई काय करून राह्यली! तो घरच्या ग्रुपवर टाकला. सोयरेधायरे, सगळे हायेत त्यात. तळेगावचे नानाजी भाऊजी लिहितात — वहिनी, आता आमच्या गावाची लाइटही तुमीच पाहत जा. अंगठेच अंगठे!

अंकुशचा काही आला नाई. ग्रुपात हाये तो, पण बोलत नाई. आचलचा मोठा भाऊ. बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात त्यानं कॅमेरे लावले, बिलं कॉम्प्युटरवर घेऊ म्हणे. बाप म्हणजे माहा धर्मेंद्र, त्यानं गिऱ्हाइकाइच्या समोर वायर उपटून फेकली. पोरगा त्याच दिवशी पिशवी घेऊन गेला. दुसरी दिवाळी झाली. कुठं हाये, काय खाते, माहीत नाई. फोन लावला का वाजत राह्यते. भितीवरचा इंटरनेटचा डबा त्यानंच ठोकलेला हाये. एका बाजूनं वाकडा. मी कोणाले सरळ करू देत नाई.

६ डिसेंबर, शनिवार

आज मी लाल पकडला! आचलले उठवलं, तिनं फोन लावला. तिकडच्या नर्सबाईनं चहाची किटली लावासाठी पिन काढली होती. आचल म्हणे, आजी तुले पगार द्या लागते. मी म्हटलं, पगार नको, पोरगी झाली तर नाव मी ठेवीन.

९ डिसेंबर, मंगळवार

दाराची कडी दोनदा पाहून आली, मंग लिहाले बसली.

सकाळी आचलनं विचारलं, "आजी, तू पहाटे कॉम्प्युटर उघडलता?"

"नाई वो माय. मी तर पाणी तापवून राह्यलती."

"कालही नाई? परवाही नाई?"

"नाई म्हणते ना!"

तिनं कॉम्प्युटर माह्याकडं फिरवला. म्हणे, कोणीतरी तुह्या नावानं आत येऊन राह्यलं. दुसऱ्या गावाहून. रोज पहाटे.

माह्या नावानं! मी इथं चुलीपाशी, आन् तिकडं दुसरी शोभाबाई फिरून राह्यली!

आचलनं मंग आणखी पाह्यलं. येणाऱ्याची पावलं उमटतात म्हणे तिथं. तो दवाखान्याइचं काही पाहत नाई. कशाले हात लावत नाई. एकच ठिपका उघडते — आमचं घर. हिरवं असलं का लगेच निघून जाते. परवा पहाटे लाइट गेलती ना, घर लाल होतं. तर तो बसून राह्यला. पुन्हा पुन्हा पाहे. लाइट आली, घर हिरवं झालं, तवाच गेला.

आमच्या घरात अंधार कवा होते हे कोणी तरी बसून पाहून राह्यलं! देवा!

१० डिसेंबर, बुधवार

बाजूच्या प्रमिलाबाईले सांगाले नाई पाह्यजे होतं. तिनं डोळे मोठे केले. "अव बाई, चोरच तो! लाइट गेली का गल्लीतला कॅमेराही आंधळा होते. घरात गरवारशी पोरगी, पुरुष माणूस दुकानात…" बास कर म्हटलं, बाई.

दुपारी ब्लँकेटवाला आला. दर थंडीत येते, मी त्याले पाणी देतो, भाव करतो, घेत नाई काहीच. आज त्यानं विचारलं, "आजी, घरात किती जण? सगळ्याइले घ्या." मी धाडकन दार लावलं! मंग फटीतून पाह्यलं तर बिचारा पायरीवर बसून घाम पुसून राह्यलता. पाणीही नाई देल्लं त्याले. वाईट वाटलं. पण दार नाई उघडलं.

धर्मेंद्रनं दुकानातलं सगळ्यात मोठं कुलूप आणलं. भितीवरच्या डब्याकडं पाहून म्हणे, "या वायरीनंच या घराचं वाटोळं केलं." मोहिनी तिथून उठून गेली. आचलनं मान खाली घातली. तिचं बीपी वाढलं म्हणते डॉक्टरीन. तिनं पोटावर हात ठेवला का मी तिले आडवी कराले धावतो.

११ डिसेंबर, गुरुवार

घट मांडला, पण कहाणीत चित्त नाई. दोनदा एकच ओळ वाचली.

आचलनं सरले सगळं सांगून टाकलं. लपवलं नाई. माही पोरगी! फोनचा आवाज मोठा ठेवलता, मी दाराआड उभी. भूपेंद्र सर ओरडले नाईत. ओरडले असते तर बरं होतं. हळू आवाजात म्हणे, "आचल, आधी दार लाव. मग कोण होतं ते शोध. माणूस कळला तर मी वर समजावून सांगू शकतो. नाही कळला, तर सगळ्या दवाखान्यांना कळवावं लागेल, आणि मग तुला ठेवणं माझ्या हातात राहणार नाही. सोमवारपर्यंत बघ."

तिनं दार लावलं. माहं नाव पुसलं — मी म्हटलं, पुस माय, आधी पुस. आता तिले आधी नागपूरच्या हापिसात आतल्या वाटेनं जा लागते, तिची तिची किल्ली लावून. मंगच पान उघडते. बाहेरून कोणी आलं तर त्याले भितही दिसत नाई म्हणे. लाइट गेली तरी ही वाट बदलत नाई. म्हणे, हे पह्यल्या दिवशीच कराले पाह्यजे होतं.

मंग विचारलं, "आजी, ते आकडे तू कोणाले सांगितले?"

"कोणालेच नाई! तुह्या गळ्याची आण!"

गळ्याची आण नाई घ्याले पाह्यजे होती. गरवारशी हाये ती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मीच.

मीच वो!

दुपारी मन लागे ना म्हणून फोनातले जुने व्हिडिओ पाहून राह्यलती. आचलच्या ओटीभरणाचा पाह्यला, मंग माहा तो साखरेच्या डब्यावाला लागला. मी बटन दाबून राह्यली — आन् माह्याच तोंडून एकेक आकडा बाहेर पडून राह्यला! मोठ्यानं! गुरुजीपुढं पाढे म्हणावं तसा! वर कॉम्प्युटरच्या कपाळावर त्या पानाचा पत्ता सगळा दिसते, खाली माहं तीन अक्षराइचं नावही. मोहिनीले म्हटलं, मले धर.

आचलले तसंच जाऊन सांगितलं. मले वाटलं, आता बोलेल. तिनं व्हिडिओ पाह्यला, मले पाह्यलं, आन् हासली. हासता हासता रडली. "आजी, चोराले तू बाराखडीसगट शिकवलं!" मी तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. दुसरं काय करता येते मले?

म्हणजे तो परका नाई. ग्रुपातलाच हाये. घरचाच माणूस! हे तर आणखीच भेव. आजवर दारातल्या परक्याले भेत होती, आता ज्याइच्या पंगतीत वाढलं त्याइचे चेहरे डोळ्यापुढून जातात. कोणाले पाह्याचं आमच्या घरात अंधार कवा होते ते?

१३ डिसेंबर, शनिवार

धर्मेंद्र दुकान नोकरावर टाकून फोनच लावत बसला. एकेका घरी. तळेगाव, वडनेर, हिंगणघाट. "राग येऊ देऊ नका, पण विचारा लागते…" कोणाले राग आलाच. नानाजी भाऊजी म्हणे, "धर्मेंद्र, आमी काय तुह्या घरावर डोळा ठेवून हावो का?" फोन आपटला. आता तिळगुळाले येतात का नाई कोण जाणे.

सगळ्याइले विचारून झालं. ज्याले बोलत नाई त्याले तेवढं विचारलं नाई. मी धर्मेंद्रकडं पाह्यलं. त्यानं फोन खिशात घातला.

१४ डिसेंबर, रविवार

कोणी कबूल झालं नाई. आचलनं कॉम्प्युटर फडक्यानं पुसला आन् पिशवीत घालून ठेवला. परत द्या लागला तर चांगला दिसावा म्हणे. फडकं माह्या लुगड्याचं होतं. मले जेवण गेलं नाई. लेकरू पोटात फिरते तर आचल सांगत नाई आता, आधी हात धरून दाखवे.

१५ डिसेंबर, सोमवार

चहाले आधण ठेवलतं. फोन वाजला. मी भेतभेतच उचलला.

"आजी."

एवढंच. अंकुशचा आवाज! मी चुलीपाशीच बसली.

"आजी, घर दिसत नाई मले. गुरुवारपासून. वाटलं लाइट गेली असेल, होईल हिरवं. झालंच नाई. आचल बरी हाये ना? रातपाळी सुटली का रोज पाहतो मी. हिरवं असलं का झोप येते."

म्हटलं, "बरी हाये रे बापू. सगळे बरे हायेत." मंग म्हटलं, "तुहं नाव आचलच्या सरले सांगा लागते. आज. नाई तर तिची नोकरी जाते. आन् सांगितलं का तुह्या बापालेही पत्ता लागेल."

आधण उतू जाऊन चूल विझली तरी मी उठली नाई.

"लागू दे," म्हणे.