रातकिडे, ट्यूबचा चोक आणि सर

९ नोव्हें. ८७, सोम. गडचिरोली
मेश्राम सर सकाळच्या एस्टीने गेले. नागपूर, पुढे पुणे. शुक्रवारी व्याख्यान, आमच्या दोघांच्या कामावर. आवडलं तर तिथेच ठेवून घेतील, अशी चिन्हं आहेत. स्टँडवर म्हणाले, "मॅडम, किडे सांभाळा." बस्स, एवढंच. पदार्थविज्ञानाचा माणूस!
स्टाफरूममध्ये बसवत नाही. 'किडेवाली बाई' म्हणतात. म्हणोत. डबा प्रयोगशाळेतच खाल्ला. अख्ख्या कॉलेजात या विषयावर बोलायला एकच माणूस होता.

१० मंगळ.
घरमालकीण सुलोचनाबाई बरण्या पाहून, "काऊन वो मॅडम, लोकं कोंबड्या पाळते, तुमी किडे पाळून राह्यल्या?"
सांगितलं. रातकिड्याची मादी अंधारात आपल्या जातीच्या नराचा आवाज ओळखते, तेही एवढ्याशा मेंदूवर. सरांनी तशा चेतापेशी ट्रान्झिस्टरच्या केल्या, एकमेकींना जोडून डब्यात बसवल्या. टेपरेकॉर्डर तारेने थेट डब्याला. टेपवर रातकिडा वाजला की डब्यावरचा दिवा लागायला हवा, बेडूक वाजला तर नको. चुकला की बटणं जराशी पिळायची, पुन्हा वाजवायचं. पावसाळाभर हेच. आता चुकत नाही.
"म्हंजे डब्ब्याले शिकवलं तुमी?"
हो.
"मंग सराले काऊन नाई शिकवलं?"
हसू आलं. नंतर स्वयंपाक करावासा वाटला नाही.

११ बुध.
करमेना म्हणून संध्याकाळी नवी टेप केली. न्हाणीमागचा नेहमीचाच नर, खणखणीत आवाज. दिवा लागला नाही! बॅटरी ठीक. पुन्हा पुन्हा वाजवली. नाही. जुन्या टेपा लावल्या तर झकास लागतो.
नर तोच, टेपरेकॉर्डर तोच, मग…

१२ गुरु.
कळलं. कळलं नसतं तर बरं.
रातकिडे आम्ही कायम लाइट गेल्यावर टेप करायचो. गिरणी बंद, शेजारचे रेडिओ बंद, चांगली शांतता. लाइट रोजच जायची, आम्ही खूश. बेडूक, घंटा, शिट्ट्या हे सगळं लाइट असताना, प्रयोगशाळेत. वर ट्यूबचा चोक गुणगुणत. काल लाइट होती, न्हाणीतली ट्यूबही गुणगुणत होती.
आज दुपारी लाइट गेली तेव्हा रिकाम्या खोलीचीच टेप केली. नुसती शांतता. लावली. दिवा लागला.
डब्याला रातकिडा ठाऊकच नाही. चोक गप्प आहे, एवढंच शिकला. आणि आम्ही पेढे वाटून मोकळे!
सर उद्या उभे राहणार. त्यांना सांगायलाच हवं. पण सांगितलं तर तिथलं सगळं मोडेल, ते परत येतील. आणि परत यावेत असं मला वाटतं, फार वाटतं. मग मी सांगणार ते कशासाठी? स्वतःचाच भरवसा वाटेना.

तोच दिवस, संध्या.
पोस्टात गेले. ट्रंककॉल. दिवाकरभाऊ खिडकीतून, "अर्जंट लावू का साधा? साधा उद्या दुपारपर्यंत लागन, मॅडम."
उद्या दुपारी व्याख्यान होऊन गेलेलं असेल. 'साधा' अगदी जिभेवर आलं होतं. अर्जंट म्हणाले.
लागला. ओरडून ओरडून सांगितलं, अख्ख्या पोस्टाने चोकची कथा ऐकली. मग सर, "खात्री आहे?"
आहे.
"मग काय बोलू उद्या? रात्रीच्या गाडीने निघतो मी."
या, म्हणायचं होतं. थांबा, हीच चूक उभं राहून सांगा, डबा कसा फसला हेच खरं काम आहे, असंही म्हणायचं होतं. दोन्ही खरंच वाटत होतं.
खिडकीतून दिवाकरभाऊ, "मॅडम, तीन मिनिटं झाले. वाढवू काय?"
वाढवा, म्हणाले. आणि ओरडले, "सर, थांबा. हीच चूक उद्या सांगा. मग या."