निळी गाडी आणि तिची सुधारित किंमत

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पित्त, दादाचा गुडघा आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरीण, तिन्ही आता शांत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. (हे नक्की बरे आहेत. माझं काय ते पत्र संपल्यावर तुम्हीच ठरवा.) फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही मधेच हसायला लागता आणि मग मला मुद्दा सापडत नाही.

तर मुद्दा गाडीचा. आमच्या पडद्यांच्या धंद्यात शिवण्यापेक्षा पोहोचवण्यात जास्त जीव जातो हे तुम्ही पाहिलंच आहे. भाड्याचा टेम्पोवाला दहाला येतो सांगून साडेबाराला उगवतो, आणि दांड्या बाहेर डोकावतात म्हणून त्या धरायला मलाच मागे बसवतो. मागच्या महिन्यात एका वकीलबाईंचे दिवाणखान्याचे पडदे (अस्तरासकट, आणि अस्तर पांढरं!) त्याने कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवून आणले. बाईंनी पडदा हुंगला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिथेच ठरवलं, आता स्वतःची सामानाची गाडी घ्यायची, तीही विजेवर चालणारी. धूर नाही, पेट्रोलचा वास नाही, आणि कोंबड्या तर नाहीतच.

शोरूममध्ये गुलाबी टाय लावलेल्या विक्रेत्याने (चाळिशीचा, स्वभावाने चांगला, पँट मात्र दोन बोटं लांब) आम्हाला फिकट निळ्या रंगाची गाडी पसंत करायला लावली आणि सहा आठवड्यांत दारात आणून देतो म्हणाला. आम्ही बुकिंग केलं. पाचव्या आठवड्यात मोबाइलवर निरोप आला : ‘अभिनंदन! आपल्या गाडीची सुधारित किंमत पुढीलप्रमाणे.’ वहिनी, मी चौतीस वर्षं शिवते आहे. माझ्या धंद्यात सुधारणं म्हणजे उसवून नीट करणं. शोरूमवाल्यांनी नुसतंच वाढवलं होतं. आठव्या आठवड्यात ती पुन्हा सुधारली. (गाडीचा पत्ता नव्हता. न येताच सुधारत होती.)

मी ह्यांना घेऊन तडक शोरूम गाठलं. टायवाला म्हणाला, सवलत बंद झाली, बॅटरी महागली, आमच्या हातात काही नाही. मी विचारलं, “मग माझे बुकिंगचे पैसे कोणाच्या हातात आहेत?” त्याने पावती उलटी करून दाखवली. मागे मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापलं होतं की, गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू. हे लगेच म्हणाले, जाऊ दे, पैसे परत घेऊ. (ह्यांचं ‘जाऊ दे’ लग्नापासून चालू आहे. त्यात आमचे दोन कुकर आणि एक बाल्कनी गेली.) मीही खरं तर उठले होते. पण तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक नर्स आली. वर्षभर जास्तीच्या पाळ्या करून तिने पैसे जमवले होते आणि विजेची स्कूटर बुक केली होती. तिलाही नवी किंमत सांगितली. मांडून ठेवलेल्या स्कूटरच्या सीटवरून तिने एकदा हात फिरवला आणि निघून गेली. भांडली असती तर मला काही वाटलं नसतं. तो हात पाहून माझं डोकं सणकलं. मी टायवाल्याला सांगितलं, पैसे परत नकोत, गाडी हवी, आणि ठरल्या किमतीत हवी. तोवर मी इथेच बसणार.

दुसऱ्या दिवसापासून अकरा ते पाच मी त्यांच्या सोफ्यावर. सोबत हाताच्या शिलाईचं काम, कात्री, डबा. पहिले दोन दिवस ते माझ्याकडे न पाहिल्यासारखं करत होते, पण बावीस फूट मखमल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे न पाहणं सोपं नसतं. तिसऱ्या दिवसापासून येणारे लोक मलाच काउंटर समजू लागले. मी त्यांना खरं तेच सांगत होते : गाडी छान आहे, आवाज अजिबात नाही, किंमत मात्र वाढत राहते, पावती उलटी करून वाचा. पाचव्या दिवशी मॅनेजरने माझ्यासाठी कॉफी पाठवली आणि सोफा आतल्या बाजूला हलवू का म्हणून विचारलं. मी कॉफी घेतली, सोफा हलवू दिला नाही. सहाव्या दिवशी टायवाल्याची पँट दुमडून दिली. (भांडण कंपनीशी होतं, त्याच्या पँटशी नव्हतं.)

अकराव्या दिवशी तिथल्या गाड्या पुसणाऱ्या बाई फडकं पिळत माझ्याजवळ आल्या.

“ताई, तुम्ही कुठल्या गाडीसाठी बसलाय?”

“फिकट निळ्या. सामानाच्या. अजून आलेली नाही ती.”

“आलेली नाही कशी? मागच्या आवारात उभी आहे की. महिना झाला, मीच पुसते रोज.”

मी मखमल सोफ्यावर टाकली आणि मागच्या आवारात गेले. उभी होती, वहिनी! काचेवर कागद, कागदावर माझ्या पावतीचा नंबर, आणि गाडी आल्याची तारीख. पहिली दरवाढ व्हायच्या तीन दिवस आधीची! तो कागद जसाच्या तसा काढून मी मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, “काहीतरी गैरसमज होतोय.” मी म्हटलं, “ही आली त्या दिवशी मला दिली असती, तर किंमत कुठली लागली असती?” त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेव्हा मागून टायवाल्याचा आवाज आला : “जुनी, सर. जुनीच लागली असती.” त्या माणसाला दोन पोरं आहेत आणि नोकरी ही एकच, म्हणून त्याच्या त्या एका वाक्याची किंमत मला कळते.

गाडी जुन्या किमतीत मिळाली. पण मी लगेच उठले नाही. आवारातली सगळी यादी समोर बसून तपासायला लावली. अजून चार गाड्या अशाच आधी येऊन दडलेल्या निघाल्या, आणि त्यांत त्या नर्सची स्कूटर होती. तिला फोन मी माझ्यासमोर करायला लावला. ती म्हणाली, “खरंच का हो?” हे घरी आल्यावर म्हणाले, “तू ऐकलं नाहीस ते बरं झालं.” लग्नानंतर पहिल्यांदाच. दादाला माझा नमस्कार सांगा.

तुमची नणंद

ता.क. : गाडी मंगळवारी घरी आली. टायवाल्याने दारात उभी करून चावी माझ्या हातात ठेवली. मी ती ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी ती परत माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “मला कुठे येते चालवता? तू एवढी भांडत होतीस, मला वाटलं तुला येत असणार.” वहिनी, मला वाटलं होतं ह्यांना येते. लग्नाच्या आधी ह्यांच्याकडे जीप होती असं ऐकलं होतं. (होती. चालवायचे ह्यांचे काका.)

ता.क. दुसरा : तुम्ही बावीस वर्षं शाळेची बस चालवलीत. पंधरा दिवसांसाठी या. चालवणार मीच, तुम्ही फक्त शेजारी बसायचं आणि ओरडायचं नाही. दादाला जेवणाचं काय ते त्याचं त्याला पाहू द्या.

ता.क. तिसरा : लवकर या. काल मी एकटीनेच बसून गाडी पुढे नेली. छान जाते, आवाज अजिबात नाही. मागे कशी घ्यायची ते मात्र कळलं नाही, त्यामुळे सध्या ती शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या फाटकाला चिकटून उभी आहे. त्यांची गाडी आत अडकली आहे. माणूस भला आहे, कालपासून दवाखान्यात चालत जातो. पण आज सकाळी जाताना तो हसला नाही.